आधी ताल, मग शब्द
एकांनी लिहिलेलं वाचलं की गाणी लावून लिहायला बसलं की लक्ष उडतं. मला लगेच जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी आठवला. लेखक व्हायच्या आधी तो टोकियोत जाझचा बार चालवायचा, १९७४ ला सुरू केलेला, आणि पहिली कादंबरी रात्री बार बंद झाल्यावर घरी स्वैपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिली. तो म्हणतो लिहायला मी संगीताकडूनच शिकलो, वाक्याला ताल नसेल तर वाचणारा पुढे जातच नाही. हे मला फार म्हणजे फार पटतं! १९८७ च्या कादंबरीला तर त्याने बीटल्स या इंग्लिश बँडच्या गाण्याचंच नाव दिलं, नॉर्वेजियन वुड, आणि ते गाणं नायकाच्या विमानात कानावर पडतं तिथूनच त्याच्या सगळ्या आठवणी सुरू होतात. मी स्वतः लिहिताना शब्द असलेलं गाणं लावत नाही, नुसती बासरी किंवा सतार, पण झालं की मोठ्याने वाचून बघते आणि जिथे अडखळते ते वाक्य परत लिहिते.