‘कम ऑन’: दोन सोपे शब्द आणि त्यांचे नाना अर्थ

‘कम’ म्हणजे ये आणि ‘ऑन’ म्हणजे वर, हे इंग्रजीची तोंडओळख झालेल्या कुणालाही ठाऊक असतं. पण ‘कम ऑन’ म्हणजे ‘वर ये’ असं क्वचितच असतं. घाई कर, घाबरू नकोस, काहीतरीच काय, असं काय करतेस, हिंमत असेल तर ये, दिवे लागले, तब्येत सुधारतेय, लगट केली, हे सगळं या दोन शब्दांत मावतं. मराठी बोलतानाही आपण ते सर्रास वापरतो. म्हणून ‘कम ऑन’ला मराठीत काय म्हणायचं, हा प्रश्न नीट सोडवून पाहायला हवा. बहुतेक जण ‘चल’ म्हणून मोकळे होतात. ते चुकीचं नाही, पण अर्धंच आहे.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. बाप मुलीला सायकल शिकवतोय. ती सीटवर बसायलाच तयार नाही. तो म्हणतो, ‘कम ऑन, गेट ऑन.’ चल, बस बघू. ती बसते, हँडल घट्ट धरते, पाय पेडलवर ठेवते आणि तिथेच थिजते. तो मागून सीट धरून म्हणतो, ‘कम ऑन, यू कॅन डू इट.’ हं, जमेल तुला, मार पेडल. दहा पावलं गेल्यावर सायकल जराशी कलते, ती पाय टेकते आणि ओरडते, ‘तुम्ही मला पाडलंत!’ तो हसून म्हणतो, ‘ओह, कम ऑन!’ काहीतरीच काय, पडलीस कुठे तू? आता तिचे डोळे भरून येतात. तो खाली बसून हळू आवाजात म्हणतो, ‘हे, कम ऑन.’ अगं, असं काय करतेस, पूस बघू डोळे. दोन-तीन मिनिटांत तेच शब्द चार वेळा आले आणि मराठीत चारही वेळा वेगळं काहीतरी म्हणावं लागलं.

तरी या चारांमध्ये एक धागा आहे. ऐकणारा जिथे आहे तिथे त्याने राहू नये, अशी बोलणाऱ्याची इच्छा असते. मुलगी आधी जमिनीवर अडली आहे, मग भीतीत, मग चुकीच्या समजुतीत, मग रडण्यात. दर वेळी बाप तिला तिथून आपल्याकडे ओढतोय. ‘कम’ हे क्रियापद इथे कामी येतं ते यामुळेच. इंग्रजीत ‘गो ऑन’ही आहे, आणि गंमत म्हणजे तेही प्रोत्साहनाला चालतं, अविश्वासालाही चालतं. पण ‘गो ऑन’ म्हणणारा जागचा हलत नाही. तू कर, मी बघतो, असा त्याचा सूर. ‘कम ऑन’ म्हणणारा स्वतः त्यात गुंतलेला असतो. त्यात म्हणूनच आपुलकीही जास्त आणि अधीरताही जास्त.

हे लक्षात घेतलं की ‘चल’ हा शब्द इतका जवळचा का वाटतो, तेही कळतं. ‘ये’ म्हणजे माझ्याकडे ये. ‘चल’ म्हणजे माझ्याबरोबर ये. ‘कम ऑन’मधला ‘कम’ हा पुष्कळदा या दुसऱ्या जातीचा असतो. उपशीर्षकांत ‘कम ऑन’ दिसलं की ‘इकडे ये’ लिहिलेलं आढळतं, तिथे घोटाळा होतो तो इथेच. पडद्यावर दोघं शेजारी-शेजारी धावतायत आणि एक दुसऱ्याला म्हणतोय ‘इकडे ये’! तिथे ‘चल, चल लवकर’ हवं.

अविश्वासालाही ‘चल’ चालतं. ‘चल, काहीही!’ हे तर हल्ली सगळीकडे ऐकू येतं. पण आपल्याकडे त्याच कामाला ‘जा रे!’ किंवा ‘जा, काहीतरीच!’ हेही आहे. समोरच्याचं बोलणं पटलं नाही की इंग्रज त्याला ‘ये’ म्हणतो आणि आपण ‘जा’ म्हणतो, आणि दोघांनाही म्हणायचं असतं एकच.

खरी अडचण विनवणीच्या ‘कम ऑन’ची आहे. ‘कम ऑन, टेल मी.’ याचं ‘चल, मला सांग’ हे भाषांतर वाचून बघा. हुकूम वाटतो. मराठी माणूस इथे ‘सांग ना’ म्हणेल. ‘चल’ नाही, ‘अरे’ नाही, वेगळा शब्दच नाही, नुसता ‘ना’. इंग्रजीने जे वाक्याच्या तोंडाशी ठेवलं, ते मराठीने क्रियापदाच्या मागे लावलं. आणि मराठीकडे असा एक ‘ना’ नाही, अख्खं कुटुंब आहे. ‘सांग ना’ यात लाडीगोडी आहे. ‘सांग की’ यात थोडा हट्ट आहे, इतका वेळ का लावतोस असा भाव आहे. ‘सांग बरं’ हे मोठ्याने लहानाला म्हणायचं, उत्तर त्याला येतं हे माहीत असताना. ‘सांग तर खरं’ म्हणजे आधी बोल, पुढचं पुढे बघू. ‘सांग पाहू’ थोडं जुन्या वळणाचं, पण त्यातलं मार्दव अजून गेलेलं नाही. ‘सांगून टाक’ म्हणजे मनात ठेवू नकोस, मोकळा हो. हे सहाही ‘कम ऑन, टेल मी’चे अर्थ होऊ शकतात. कुठला घ्यायचा हे बोलणाऱ्या दोघांचं नातं ठरवतं.

मला वाटतं, ‘कम ऑन’ला मराठीत शब्द नाही अशी जी तक्रार होते, तिचं उत्तर इथे आहे. आपण शब्द शोधतो, आणि मराठीने ते काम प्रत्ययासारख्या चिकटणाऱ्या या अव्ययांवर सोपवलेलं असतं. शब्दकोशात ‘ना’ उघडून कुणी ‘कम ऑन’चा अर्थ शोधत नाही, म्हणून तो सापडत नाही.

स्वागतातही तेच. ‘कम इन’ आणि ‘कम ऑन इन’ यांत फरक आहे. पहिल्यात परवानगी आहे, आत आलात तरी चालेल इतकंच. दुसऱ्यात अगत्य आहे. मराठीत ‘आत या’ आणि ‘या ना आत’ यांत बरोबर तेवढाच फरक. अगत्य आणखी वाढवायचं तर आपण क्रियापद पुन्हापुन्हा म्हणतो: ‘या, या, या की आत!’ ‘कम ऑन ओव्हर’ म्हणजे ‘या ना घरी’. पाहुणा उंबऱ्यावर घुटमळत असेल तर त्याला आत आणणारा शब्द इंग्रजीत ‘ऑन’ आहे, आपल्याकडे ‘ना’ आणि ‘की’.

आता सूर. छापील अक्षरांत ‘कम ऑन’ सगळीकडे सारखंच दिसतं, पण बोलताना चूक सहसा होत नाही. घाई असेल तर ते तुटक आणि पुन्हापुन्हा येतं, ‘कमॉन, कमॉन!’ अविश्वास असेल तर दुसरा शब्द लांबतो आणि आवाज उंचावरून खाली येतो, ‘कम ऑऽऽन’. आव्हान असेल तर आवाज खालच्या पट्टीत, सावकाश. लिखाणात सूर नसतो, तिथे शेजारचे शब्द मदत करतात. आधी ‘ओह’ असेल तर बहुधा तक्रार किंवा अविश्वास. मागे ‘देन’ असेल तर आव्हान असू शकतं: ‘कम ऑन देन’, म्हणजे ‘ये ना मग, बघू’. मागे ‘नाऊ’ असेल तर समजावणं किंवा सौम्य दटावणं: ‘पुरे हं आता’. भाषांतर करणाऱ्याने या चिमुकल्या शेजाऱ्यांकडे आधी पाहावं आणि ‘कम ऑन’कडे नंतर.

स्वल्पविरामही पाहावा. ‘कम ऑन मंडे’ म्हणजे सोमवारी ये. इथे ‘ऑन’ हा ‘कम’चा जोडीदारच नाही, तो सोमवारचा आहे. ‘कम ऑन टाइम’ म्हणजे वेळेवर ये. पण ‘कम ऑन’नंतर स्वल्पविराम देऊन पुढे ‘टाइम’ लिहिलं, तर कुणी घड्याळाला विनवतोय की बाबा, सरक ना लवकर, असा अर्थ होतो.

खेळाच्या मैदानावर हा शब्द सर्वांत मोठ्याने ओरडला जातो. ऑस्ट्रेलियाचा टेनिसपटू लेटन ह्युइट प्रत्येक मोक्याच्या गुणावर मूठ आवळून ‘कमॉन!’ गर्जायचा, ती त्याची ओळखच झाली. पण या आरोळीची किंमत मोजावी लागली ती सेरेना विल्यम्सला. 2011च्या अमेरिकन ओपनची अंतिम लढत, समोर समांथा स्टोसर. पहिला सेट स्टोसरने 6-2 असा घेतला होता. दुसऱ्या सेटच्या पहिल्याच गेममध्ये सेरेनाची सर्व्हिस तुटायच्या बेतात होती. तिने जबरदस्त फोरहँड मारला, हा गुण आपलाच अशी खात्री वाटली आणि ती ओरडली, ‘कम ऑन!’ चेंडू मात्र अजून खेळात होता. स्टोसरने धावत जाऊन त्याला रॅकेट लावली, परतवता आला नाही ती गोष्ट वेगळी. पंच एव्हा असदेराकी यांनी आरोळी हा प्रतिस्पर्ध्याला अडथळा ठरवला आणि गुण स्टोसरला दिला. गुणाबरोबर तो गेमही गेला. स्टोसर 6-2, 6-3 अशी जिंकली.

त्या क्षणीचा ‘कम ऑन’ काय होता? तो प्रतिस्पर्ध्यासाठी नव्हताच. माणूस स्वतःलाच हाक मारतो तेव्हाचा तो ‘कम ऑन’ आहे: ऊठ, आता सोडायचं नाही. याच जागी स्पॅनिश खेळाडू ‘वामोस’ म्हणतो, फ्रेंच ‘आले’ म्हणतो. ही दोन्ही जाण्याची क्रियापदं आहेत. रशियन ‘दावाय’ म्हणतो, ते देण्याचं क्रियापद आहे. इटालियन ‘फोर्झा’ म्हणतो, म्हणजे जोर. मराठी खेळाडू स्वतःशी काय म्हणतो? ‘चल!’ म्हणतो, हे नक्की. इथे ‘चल’ चपखल बसतं आणि त्याच्या जागी ‘कम ऑन’ घ्यायची मला तरी गरज दिसत नाही. प्रेक्षकांतून म्हणायचं तर ‘शाब्बास’ आहे, ‘हाण’ आहे, ‘होऊन जाऊ दे’ आहे. त्यातलं ‘होऊन जाऊ दे’ आव्हानालाही चालतं, म्हणजे ते ‘कम ऑन’च्या दोन-दोन अर्थांना पुरतं.

वर आलेले बहुतेक ‘कम ऑन’ उद्गार आहेत. त्यांना भूतकाळ नाही, नकार नाही. ‘काहीतरीच काय’ या अर्थाने ‘ही केम ऑन’ म्हणता येत नाही. पण याच जोडीचा दुसरा गट आहे, तो साधं क्रियापद म्हणून वागतो आणि सगळ्या काळांत चालतो. ‘द लाइट्स केम ऑन’, दिवे लागले. गेलेली वीज परतली असेल तर आपणही ‘लाइट आले’ म्हणतो, म्हणजे तिथे दोन्ही भाषा एकाच वाटेने गेल्या. नाटकात ‘कम ऑन’ म्हणजे रंगमंचावर प्रवेश, फुटबॉलमध्ये बदली खेळाडू म्हणून उतरणं, क्रिकेटमध्ये गोलंदाजीला येणं. खेळपट्टी फलंदाजीला चांगली असली की समालोचक म्हणतात, चेंडू बॅटवर छान येतोय. हा थेट इंग्रजीतल्या ‘कमिंग ऑन टु द बॅट’चा अवतार आहे आणि मराठीत तो बेमालूम रुळलाय. ‘आय हॅव अ कोल्ड कमिंग ऑन’ यासाठी मात्र आपलं ‘अंगात कणकण वाटतेय, सर्दी होणार बहुतेक’ हेच बरं. ‘हर इंग्लिश इज कमिंग ऑन वेल’ म्हणजे तिचं इंग्रजी चांगलं सुधारतंय. न्यायालयात खटला सुनावणीला आला, तर त्यालाही ‘केम ऑन’.

एका ठिकाणी जपायला हवं. ‘कम ऑन’च्या मागे ‘टु’ लागून पुढे माणूस आला की अर्थ लगट करण्याचा होतो. ‘ही केम ऑन टु मी’ याचा अर्थ तो माझ्याजवळ आला असा नाही, त्याने माझ्याशी सलगी करायचा प्रयत्न केला असा आहे. नोकरीच्या ठिकाणी इंग्रजीत तक्रार लिहिताना किंवा वाचताना हा फरक माहीत नसेल तर भलताच अनर्थ होईल. नाम म्हणून जोडरेघ देऊन ‘कम-ऑन’ लिहिलं तर ते आमिष. फुकट वस्तूच्या जाहिरातीला हा शब्द लावतात.

मराठीत बोलताना ‘कम ऑन’ वापरावं का? मित्रांत, बरोबरीच्यांत, खुशाल वापरावं. पण वडीलधाऱ्यांना किंवा साहेबांना अविश्वासाचा ‘कम ऑन’ देऊ नये. इंग्रजीतही तो अशा वेळी उद्धटच वाटतो, मराठीत तर ‘तुम्ही’ आणि ‘कम ऑन’ एका वाक्यात बसतच नाहीत. ‘चल’ला ‘चला’ आहे, ‘जा’ला ‘जा हो’ आहे. ‘कम ऑन’ला आदरार्थी रूप नाही. तिथे आपलं ‘असं कसं म्हणता?’ फार उपयोगी आहे. समोरच्याचं म्हणणं पटलेलं नाही हे त्यात स्पष्ट आहे, आणि त्याचा मान कुठेही कमी होत नाही.

उलट दिशेने पाहिलं तर ‘चल’चेही असे अर्थ आहेत जिथे ‘कम ऑन’ पोचत नाही. ‘चल, ठेवते फोन.’ ‘चला, निघतो.’ ‘चल, हेही ठीक आहे.’ निरोप घेताना आणि नाइलाजाने का होईना होकार देताना इंग्रज ‘कम ऑन’ म्हणणार नाही. तिथे तो ‘राइट’, ‘वेल’ किंवा ‘ऑल राइट’ म्हणेल. त्यातलं ‘ऑल राइट’ही असंच बहुरूपी आहे, पण त्याची चर्चा वेगळी करावी लागेल.