पुंगळ्यांना अमोनिया लावू नका

झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरण्याआधी अमोनियावाल्या पॉलिशने घासाव्यात, आरशासारख्या होतात, असं वर एका दादांनी लिहिलंय. चमकतात खऱ्या, पण कृपा करून असं करू नका. पुंगळीचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. घडवताना आत ताण राहिलेल्या अशा पितळाला अमोनिया लागला की बारीक भेगा पडतात. ब्रिटिश फौजेने हे आपल्याच देशात भोगलंय. पावसाळ्यात तबेल्यांच्या आसपास ठेवलेली काडतुसं नुसती पडल्या पडल्या तडकायची. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि दमट हवा, हे त्यामागचं कारण १९२१ साली नीट मांडलं गेलं.

आमच्याकडे सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेआधी घरातल्या समया, घागरी चिंचेने उजळतात. आई चिंच फार वेळ राहू देत नाही, लगेच खळखळून धुवायला लावते. पुंगळ्यांचंही तेच. गरम पाण्यात थोडं लिंबूसत्व, पाचेक मिनिटं, मग भरपूर पाणी. जास्त वेळ ठेवलं तर जस्त निघून पितळ गुलाबी पडतं. वाळवायला आपलं ऊन आहेच, फक्त प्रायमरचा (पुंगळीच्या बुडाशी बसणारी, दारू पेटवणारी टिकली) खळगा आतून कोरडा झालाय ना ते बघा.

आणि दादा, मक्याच्या बुरकुंडाच्या किंवा अक्रोडाच्या टरफलाच्या भुशात पुंगळ्या साफ करायला यंत्राने फिरवत असाल तर प्रायमरमधलं शिसं त्या धुळीत उतरतं. ते यंत्र घरात, लेकरांच्या आसपास अजिबात चालवू नका. भुसा चाळताना तोंडाला मास्क, आणि नंतर हात साबणाने धुतल्याशिवाय जेवायला बसू नका.