शब्दचर्चा: ‘रान’ म्हणजे जंगल की शेत?

प्रश्न (सोलापूर शहर)
माणूस शिकार सोडून शेतीकडे कसा वळला, यावर शाळेतल्या मुलांसाठी पाठ लिहितेय. ‘माणूस रानातून शेतात आला’ असं लिहायचं मनात आहे. पण आपल्याकडे ‘आबा रानात गेलेत’ म्हणजे आबा ज्वारी राखायला गेलेत! मोहोळ-माढ्याकडच्या मुलांना हे वाक्य कसं कळेल? कोणता शब्द वापरू?

मंगळवेढ्याहून
ताई, ‘रान’ अरण्यावरून आलं, ‘शेत’ क्षेत्रावरून. झाडं तोडून जमीन वहितीला आणली तरी तिचं जुनं नाव सुटलं नाही. काळं रान, रान नांगरलं, रान पड पाडलं, इथे रान म्हणजे शेतच. पण रानडुक्कर, रानमेवा, रानभाजी म्हटलं की जुना अर्थ शाबूत. शब्दाच्या पुढे जोडून आलं की बहुधा न पेरलेलं, न पाळलेलं. एकटं आलं की आपल्या भागात पेरलेलं.

मला तर ते वाक्य इतिहास म्हणूनही पटत नाही. पश्चिम आशियातले लोक पेरणी सुरू होण्याच्या हजारो वर्षं आधीपासून रानगहू आणि रानजव गोळा करून खात होते. रानगव्हाची ओंबी पिकली की दाणे झडून जातात. ज्या थोड्या ओंब्या झडत नसत, त्याच कापणाऱ्याच्या हाती जास्त लागायच्या आणि त्यांचंच बी पुन्हा मातीत पडायचं. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं, तेव्हा कुठे न झडणारा गहू तयार झाला. आपली ज्वारीसुद्धा अशीच माणसाळली, पण आफ्रिकेत, सुदानच्या बाजूला. तिथून ती इकडे आली.

सांगोल्याहून
‘अन्नसंकलक’ हा शब्द कृपया टाळा. आपल्याकडे ‘वेचणे’ आहे ना! काढणी झाल्यावर रानात पडलेली कणसं गोळा करणं म्हणजे सरवा वेचणं. ‘शिकार करून आणि वेचून खाणारी माणसं’ म्हटलं की मुलांना लगेच समजेल.

आणि ‘वळला’ म्हणजे कायमचा वळला असं नको. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला इ.स.पू. १६०० ते ७०० च्या सुमारास शेतकऱ्यांची वस्ती होती. जव पिकवायचे, पाण्याला पाट काढला होता, तरी हरणांची शिकार चालूच होती. शेवटच्या काळात शेती खालावली आणि लोक पुन्हा बरेचसे भटके झाले. दुष्काळी तालुक्यातल्या पोरांना हे आवर्जून सांगा, त्यांना ते आतून कळेल.

सोलापूर शहर
दोघांचेही मनापासून आभार. मग असं लिहिते: ‘माणसं जे वेचून खात होती, तेच हळूहळू पेरू लागली, शिकार मात्र लगेच सुटली नाही.’ रान आणि शेत दोन्ही बाजूला ठेवलं. आता एकच विचारते, ‘सरवा’ बार्शी-अक्कलकोटकडे बोलतात का? तिथल्या कुणी सांगितलं तर शब्द पाठात घेते.