लेखनिक आणि जादा तास : विद्यार्थ्याचा विशेष दर्जा प्रवेशाच्या वेळीच ठरवावा, की परीक्षेगणिक तपासावा?

(ऑनलाइन चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

निळी शाई

मी एका संलग्न महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते आणि गेली काही वर्षे परीक्षेच्या काळात वरिष्ठ पर्यवेक्षक म्हणून काम पाहते. मागच्या सत्र परीक्षेत आमच्या केंद्रावर जे घडले, त्यानंतर हा विषय मांडल्यावाचून राहवत नाही. कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाची एक अल्पदृष्टी विद्यार्थिनी आपल्या लेखनिकासह, म्हणजे ती सांगेल ते उत्तरपत्रिकेत लिहिणाऱ्या मदतनिसासह, पेपरच्या पाऊण तास आधी हजर होती. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र), जिल्हा शल्यचिकित्सकांचे प्रमाणपत्र, महिनाभर आधी दिलेल्या अर्जावरचा आवक शिक्का असे सगळे कागद तिच्या फाइलमध्ये होते. तरीही लेखनिकाच्या शैक्षणिक पात्रतेची शहानिशा करण्यात पेपरची पहिली वीस मिनिटे गेली, आणि जादा तासातली शेवटची वीस मिनिटे कापली गेली, कारण त्याच खोलीत दुपारच्या सत्राचे आसन क्रमांक टाकायचे होते. तिने तक्रार केली नाही, कारण अजून पाच पेपर बाकी होते आणि तेही याच केंद्रावर द्यायचे होते. ती खोली माझ्याकडे नव्हती, पण केंद्र माझेही होते, आणि ही गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली आहे.

नियम नाहीत असे मुळीच नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम 17 मध्ये परीक्षेसाठी जादा वेळ, लेखनिकाची सोय आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. 29 ऑगस्ट 2018 च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनिक घेणाऱ्याला तासामागे किमान 20 मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास वाढवून द्यायचा असतो, आणि परीक्षेच्या दोन दिवस आधी लेखनिकाला भेटण्याची संधीही द्यायची असते. लेखनिक महाविद्यालयाने दिला तर त्याच्या पात्रतेचा नियम वेगळा आणि विद्यार्थ्याने स्वतः आणला तर वेगळा. हा फरक केंद्रावरच्या किती जणांना ठाऊक असतो, हे मी जवळून पाहिले आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे, की विद्यार्थ्याला काय लागते हे प्रवेश घेतानाच ठरावे, त्याचे एकच पत्र पदवी पूर्ण होईपर्यंत चालावे, ते हॉल तिकिटावर छापून यावे आणि लेखनिक शोधण्याचे काम महाविद्यालयाचे असावे. दर सहा महिन्यांनी त्याच मुलीने, त्याच डोळ्यांसाठी, त्याच खिडकीपुढे पुन्हा अर्ज का करावा?

मागचा बाक

ताई, त्या विद्यार्थिनीवर अन्याय झाला याविषयी माझे दुमत नाही. मला खटकतो तो ‘कायमचा दर्जा’ हा विचार. मी बाजार समितीत एका आडत्याकडे पहाटे तीनपासून पावत्या लिहून पदवी घेतली. पेपरला बसायचो तेव्हा डोळे मिटत असायचे. त्याची दखल घेणारा रकाना कोणत्याच अर्जात नव्हता. तो हवा होता असेही मी म्हणत नाही. परंतु अडचण प्रमाणपत्राने सिद्ध झाली तरच ती अडचण, असे ठरवले की ज्याच्या हाताशी प्रमाणपत्र मिळवण्याची साधने आहेत त्यालाच सवलत मिळते.

अध्ययन अक्षमतेचेच पाहा. मुंबई-पुण्यातल्या पालकांना कुठे चाचणी होते, किती वेळा जावे लागते, हे माहीत असते. माझ्या तालुक्याच्या शाळेत हा शब्द कोणी ऐकलेला नव्हता. जी मुले अक्षरे उलटी लिहीत, ओळी गाळून वाचत, त्यांना मठ्ठ म्हणून शेवटच्या बाकावर बसवले जाई. मीही तिथेच बसायचो, म्हणून हे नाव घेतले आहे. त्यातली बहुतेक दहावीच्या आतच गळाली. विद्यापीठाच्या दारात उभे राहून दर्जा वाटला, तर तो त्यांच्यापर्यंत कधीच पोहोचणार नाही.

म्हणून मी उलट मागणी करतो. तीन तासांच्या पेपरला सगळ्यांनाच चार तास द्या. ज्याचे आधी होईल तो आधी उठेल. पेपर जर ज्ञान तपासणारा असेल तर त्यात घाईला स्थान का असावे? म्हणजे प्रमाणपत्र नको, शंका नको, आणि कोणाकडे बोटही दाखवता येणार नाही.

सहा टिंबे

मी जन्मांध आहे आणि वाणिज्य शाखेची पदवी लेखनिकाच्या मदतीने घेतली आहे. तो जादा तास कशात जातो ते सविस्तर सांगतो, कारण चर्चेत त्याला सवलत म्हटले जाते आणि ऐकणाऱ्याला वाटते की मी तासभर अधिक विचार करत बसतो.

लेखनिक आधी संपूर्ण प्रश्नपत्रिका वाचून दाखवतो. डोळस विद्यार्थी ती एका नजरेत चाळतो आणि कुठला प्रश्न सोडायचा ते ठरवतो. मला मात्र ती डोक्यात साठवावी लागते. हिशेबाच्या पेपरला ताळेबंद सांगायचा म्हणजे कोणती रक्कम कोणत्या बाजूला, कोणत्या ओळीत, आतल्या रकान्यात की बाहेरच्या, हे एकेक करून बोलावे लागते. लेखनिक एक यत्ता खालचा, बहुधा दुसऱ्या शाखेचा, त्यामुळे ‘संचित घसारा’ हे शब्द त्याने कधी ऐकलेले नसतात. मध्येच बेरीज जुळली नाही तर चूक कुठे आहे हे मला दिसत नाही आणि त्याला समजत नाही, म्हणून सगळा ताळेबंद पुन्हा वाचून घ्यावा लागतो. एका पेपरला माझा लेखनिक इतका घाबरला होता की त्याने काही आकडेच उलट्या बाजूला लिहिले. ते मला शेवटच्या दहा मिनिटांत कळले.

मागचा बाक यांच्या सूचनेतली भावना मला पटते, पण हिशेब पटत नाही. सगळ्यांना चार तास दिले तर मला पाच तास वीस मिनिटे लागतील, कारण माझा वेळ कामाच्या प्रमाणात वाढतो. सगळ्यांचे घड्याळ सारखेच पुढे सरकवल्याने आमच्यातले अंतर तेवढेच राहते.

मूल्यमापन

मी विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून निवृत्त झालो. इथे माझे मत अप्रिय ठरेल याची कल्पना आहे, तरी ते मांडणे कर्तव्य समजतो. लेखनिकाच्या पात्रतेची तपासणी त्रास देण्यासाठी केलेली नसते. विषयाचा पदवीधर लेखनिक म्हणून बसवल्याची, परीक्षार्थी गप्प आणि लेखनिक सलग लिहितो आहे अशी प्रकरणे मी स्वतः हाताळली आहेत. 2024 साली एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या निमित्ताने दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रांची देशभर चर्चा झाली, आणि तिची सर्वांत मोठी किंमत खऱ्या दिव्यांग उमेदवारांनी मोजली, कारण त्यानंतर प्रत्येकाच्याच कागदाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. एकदाच तपासून पुढची तीन वर्षे डोळे मिटायचे ठरवले, तर त्या संशयाला उत्तर कोणाकडे उरेल?

दुसरे असे की गरजा बदलतात. पहिल्या वर्षी अपघातानंतर हात निकामी झालेला विद्यार्थी तिसऱ्या वर्षी लिहू लागतो, आणि रेटिनाचा विकार असलेल्या मुलीची उरलीसुरली दृष्टी त्याच काळात जाते. एकच पत्र दोघांवरही अन्याय करील. आणि पदवी हे समाजाला दिलेले एक वचन असते. औषधनिर्माणशास्त्राच्या प्रात्यक्षिकात मोजमाप ठरल्या वेळेत आणि अचूक व्हावेच लागते, तिथे वेळ हा कौशल्याचाच भाग आहे. सर्व विषयांना एकच मोजपट्टी लावू नये, एवढी माझी विनंती आहे.

एक आई

सर, तपासणीला आमची ना नाही, पण ती किती वेळा करायची? माझ्या मुलाला डिसग्राफिया आहे. त्याला उत्तर येते, बोलून सांगता येते, हाताने लिहिताना मात्र अक्षरे कोसळतात. 2018 च्या निकषांप्रमाणे अध्ययन अक्षमतेची चाचणी आठव्या वर्षानंतर होते, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा होते, आणि अठराव्या वर्षी मिळालेले प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. सरकारी मंडळाने जे कायमचे मानले ते महाविद्यालयातल्या लिपिकाने दर सत्राला नव्याने का मागावे, हे मला कोणी समजावून सांगावे.

आणि चूक झालीच तर भरून कशी येते तेही पाहा. अवनी प्रकाश या विद्यार्थिनीला 2021 च्या ‘नीट’ परीक्षेत तिच्या हक्काचा जादा तास नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हा अन्याय झाल्याचे मान्य केले, परंतु फेरपरीक्षा काही मिळाली नाही. गेलेला तास न्यायालयालाही परत देता येत नाही, म्हणून तो पेपर सुरू होण्याआधीच पक्का असायला हवा.

त्याच वर्षी फेब्रुवारीत विकास कुमार या परीक्षार्थीच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले होते की लेखनिकाचा हक्क 40 टक्के दिव्यांगत्वाच्या रेषेशी बांधता येणार नाही, आणि त्यानंतर 10 ऑगस्ट 2022 ला त्या रेषेखालच्या, पण लिहिण्यात अडचण असलेल्यांसाठी वेगळ्या सूचनाही निघाल्या. आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात मात्र अजून ‘चाळीस आहे का?’ हाच पहिला प्रश्न असतो.

मागचा बाक

सहा टिंबे, तुमचा ताळेबंदाचा परिच्छेद मी दोनदा वाचला. प्रमाणाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, तो मी मान्य करतो. सगळ्यांचा वेळ वाढवावा हे मला अजूनही योग्य वाटते, पण त्यामुळे तुमचा हिस्सा संपतो असे यापुढे म्हणणार नाही.

प्रमाणपत्राविषयीचे माझे म्हणणे मात्र कायम आहे. आई, तुमच्या मुलाच्या तीन चाचण्या झाल्या कारण त्या होतील अशा गावात तुम्ही राहता. ज्या जिल्हा रुग्णालयात चाचणी घेणारा मानसशास्त्रज्ञच नाही, तिथला विद्यार्थी अठरा वर्षांचा होऊन कला शाखेत येतो आणि वर्षामागून वर्ष एटीकेटीवर काढतो. त्याची चाचणी महाविद्यालयाने करवून घ्यावी आणि तिचा खर्च विद्यापीठाने सोसावा, ही अट धाग्याच्या मूळ मागणीत घातली तर मी तिच्या बाजूने सही करीन. त्याशिवाय करणार नाही.

निळी शाई

ही अट मला पूर्णपणे मान्य आहे, आणि ती मला आधी सुचायला हवी होती. मूल्यमापन सर, आपला गरज बदलण्याचा मुद्दाही रास्त आहे. दृष्टी उतरली तर विद्यार्थिनीने केव्हाही वाढीव सोय मागावी, त्याला कोण अडवतो? ज्याचे कारण तात्पुरते आहे त्याच्या पत्रावर मुदत घाला. पण जन्मांध मुलाला दर सत्रात आपण अजून अंध आहोत हे सिद्ध करायला लावणे म्हणजे पडताळणी नव्हे. लेखनिकाची शहानिशाही जरूर करा, मात्र ती दोन दिवस आधीच्या भेटीत करा, घंटा झाल्यावर नको. गैरप्रकाराची भीती असेल तर त्या खोलीत स्वतंत्र पर्यवेक्षक द्या, संभाषण ध्वनिमुद्रित करा. आपल्या विभागाने पकडलेली प्रकरणेही खोलीतल्या देखरेखीमुळेच सापडली असतील, अर्जांच्या संख्येमुळे नव्हे.

मूल्यमापन

स्वतंत्र पर्यवेक्षक आणि दोन दिवस आधीची पडताळणी मला मान्य आहे. मुदतीचे पत्रही चालेल, पण कायमच्या पत्राचीसुद्धा वर्षातून एक नोंद व्हावी, यावर मी ठाम आहे. ती नोंद विद्यार्थ्याने रांगेत उभे राहून न करता महाविद्यालयाने स्वतः करावी, इतकी दुरुस्ती मी स्वीकारतो. प्रात्यक्षिकांबाबतचे माझे मत बदललेले नाही.

सहा टिंबे

प्रात्यक्षिकांवर वेगळा धागा काढावा लागेल, कारण तिथे मलाही सरांचे काही अंशी पटते. मला इथे एक गोष्ट नोंदवायची आहे, जी अजून कोणीच मांडलेली नाही. आपण सगळे परीक्षेच्या चार तासांविषयी बोलत आहोत, पण माझे खरे नुकसान त्याआधीच्या चार महिन्यांत होत असे.

प्राध्यापक गटावर टिपणे पाठवत, ती छायाप्रतींचे फोटो असत. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या स्क्रीन रीडरला त्यात एक अक्षरही सापडत नाही. टंकलिखित मराठी टिपणे आली तर ती बहुधा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली, त्यामुळे संगणक मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कडबोळे वाचत असे. कायदा इथेही आमच्या बाजूने आहे. स्वामित्वहक्क कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर दिव्यांग वाचकासाठी पुस्तक सुलभ स्वरूपात आणायला स्वामित्वहक्काची आडकाठी राहिलेली नाही, आणि अंध वाचकांना सुलभ पुस्तके मिळावीत यासाठीचा आंतरराष्ट्रीय माराकेश करार मंजूर करणारा भारत 2014 साली पहिला देश ठरला. तरीही दुसऱ्या वर्षाच्या लागत लेखांकनाचे पुस्तक माझ्या बहिणीने रोज रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर मोबाइलवर वाचून ध्वनिमुद्रित केले. ते पुरे झाले तेव्हा परीक्षेला नऊ दिवस उरले होते.

ताई, प्रवेशाच्या वेळी जे पत्र द्याल, त्यात लेखनिकाच्या आधी पहिली ओळ टिपणांची असू द्या. आपण स्वतः टिपणे कोणत्या फॉन्टमध्ये देता?

निळी शाई

जुन्याच. पंधरा वर्षांपूर्वी टंकलिखित करून घेतलेली टिपणे मी दरवर्षी तशीच पाठवत आले, आणि त्या विद्यार्थिनीलाही तीच पाठवली होती. या सुट्टीत ती युनिकोडमध्ये पुन्हा टंकून घेते. सूक्ष्म अर्थशास्त्राच्या आकृत्यांचे शब्दांत वर्णन कसे लिहावे, यासाठी मात्र मला आपली मदत लागेल. मागणी वक्रापासून सुरुवात करू या का?