मदत हवी आहे: व्यवस्थित शेवट असलेल्या मालिका सुचवाव्यात

नमस्कार. ओटीटीवर पाहण्यासारख्या नाट्यप्रधान मालिकांबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. नुसते ‘चांगली मालिका सुचवा’ म्हटले की ढीगभर नावे येतात आणि निवड आणखी अवघड होते. म्हणून काय हवे आणि काय नको, ते थोडे सविस्तर लिहिते.

रात्रीची कामे आटोपली की मी आणि माझ्या सासूबाई एकत्र मालिका पाहायला बसतो. त्यांची आवड चोखंदळ आहे आणि कोणतीही नवी मालिका लावली की ‘ही संपली आहे ना?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. तो रास्तही आहे. ‘माइंडहंटर’ची २०१७ आणि २०१९ अशी दोनच पर्वे आली आणि एकोणीस भागांनंतर, एक मोठा धागा तसाच लोंबकळत ठेवून, मालिका थांबली. ‘डेडवुड’ २००६ मध्ये तीन पर्वांनंतर बंद पडली आणि तिची कथा मिटवणारा चित्रपट थेट २०१९ मध्ये आला. चालू असलेल्या मालिकांची गतही फारशी निराळी नाही. ‘सेव्हरन्स’चे पहिले पर्व २०२२ मधले आणि दुसरे २०२५ मधले; एवढ्या अवधीत कोण कोणाचे कोण, हेसुद्धा आठवत नाही. त्यामुळे कथा पूर्ण झालेली असावी, आणि ती निर्मात्यांनी स्वतः ठरवून पूर्ण केलेली असावी, ही आमची मुख्य अट आहे.

आवडलेल्या मालिकांपैकी दोन सांगते, म्हणजे अंदाज येईल. पहिली ‘द अमेरिकन्स’ (२०१३ ते २०१८, पंचाहत्तर भाग). वॉशिंग्टनच्या उपनगरात साधे अमेरिकी दांपत्य म्हणून राहणारे दोन सोव्हिएत हेर आणि त्यांच्या समोरच राहायला आलेला एफबीआयचा अधिकारी, असा मामला आहे. हेरगिरीपेक्षाही आम्हाला त्यातला संसार आवडला. सरकारने जुळवलेले लग्न हळूहळू खरे होत जाते, आणि वाढत्या वयाच्या मुलीला आईवडिलांचा संशय येऊ लागतो तेव्हा तर श्वास रोखून पाहावे लागते. या मालिकेला आणखी दोनच पर्वे मिळणार हे २०१६ मध्येच जाहीर झाले होते, त्यामुळे लेखकांना शेवटाकडे शांतपणे जाता आले, आणि ते जाणवते.

दुसरी डेन्मार्कची ‘बोर्गेन’. आघाडी सरकारच्या वाटाघाटींवरही उत्कंठावर्धक नाट्य रचता येते, हे तिच्यामुळे पटले. तीत एक स्त्री देशाची पंतप्रधान होते. मालिका सुरू झाली २०१० मध्ये, आणि प्रत्यक्षात डेन्मार्कला पहिली महिला पंतप्रधान मिळाली ती त्याच्या पुढच्या वर्षी. अडचण एवढीच झाली की सासूबाईंना भराभर सरकणारी उपशीर्षके वाचता येत नाहीत, आणि डेन्मार्कच्या सगळ्या पक्षांची भांडणे मला मोठ्याने वाचून दाखवावी लागली.

गुन्हेकथा चालतील. हिंसाही थोडीफार चालेल, मात्र तिचे चवीने केलेले चित्रण नको. ‘द वायर’ आणि मूळ डॅनिश ‘द किलिंग’ ही दोन नावे मनात आहेत. ती आम्हाला झेपतील का, हेही सांगावे. एखाद-दुसऱ्या आठवड्यात संपेल अशी छोटी मालिकाही हवी आहे. कृपया कथेतील रहस्य फोडू नये. तसेच कोणती मालिका कोणत्या सेवेवर आहे हे देशागणिक आणि करारागणिक बदलत असल्यामुळे नुसते नाव आणि वर्ष कळवले तरी पुरे. शोध मी घेईन. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद:

तुमची मुख्य अट पाहता ‘हॅपी व्हॅली’ हे नाव मी डोळे झाकून सुचवेन. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात घडणारी ही कथा सॅली वेनराइट यांनी लिहिली आहे. एकूण तीन पर्वे आणि अठरा भाग, म्हणजे आटोपशीर काम. पर्वांची वर्षे मात्र पाहा: २०१४, २०१६ आणि मग एकदम २०२३. पोलीस सार्जंट असलेली नायिका आपल्या लहान नातवाला वाढवते आहे, आणि तो नातू स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याच्या वयाचा झाल्याशिवाय शेवटचे पर्व लिहायचे नाही, असे लेखिकेने ठरवले होते. ती भूमिका करणारा मुलगाही तोच आहे. त्याचे वाढलेले वय पडद्यावर पाहताना जे वाटते, ते रंगभूषेने कधीच साधले नसते. आता सगळी पर्वे तयार असल्यामुळे तुम्हाला थांबावे लागणार नाही.

पहिल्या भागाची पहिली काही मिनिटे पाहिलीत तरी मालिकेचा वकूब कळेल. मुलांच्या खेळण्याच्या मैदानात एक तरुण स्वतःला पेटवून घेण्याची धमकी देत उभा आहे आणि ही सार्जंट अग्निशामक नळकांडे घेऊन त्याच्याशी बोलायला जाते. समजावणीची पढवलेली वाक्ये तिच्या तोंडी नाहीत. आपले वय, घटस्फोट, व्यसनातून सावरत असलेली बहीण, गेलेली मुलगी, न बोलणारा मुलगा, हे सगळे ती हवापाण्याच्या गप्पा माराव्यात इतक्या सहज त्याला सांगून टाकते. पुढच्या अठरा भागांत जे काही घडते त्याचे बीज त्या चार वाक्यांत आहे. एक सूचना द्यायला हवी: पहिल्या पर्वाच्या मध्यावर मारहाणीचा एक प्रसंग खरोखरच अंगावर येतो. प्रसंगाला कथेत कारण आहे, तरी सासूबाईंना आधी कल्पना द्यावी.

‘द किलिंग’ शोधताना काळजी घ्या. डॅनिश मालिका २००७ मधील आहे. तिच्या पहिल्या पर्वात वीस भाग असून एक भाग म्हणजे तपासाचा एक दिवस. खून झालेल्या मुलीच्या आईवडिलांच्या दुःखाला इतका वेळ देणारी गुन्हेकथा मी दुसरी पाहिलेली नाही. याच नावाची अमेरिकी आवृत्ती २०११ मध्ये आली, आणि तिच्या पहिल्या पर्वाच्या अखेरीस खुनाचा उलगडाच झाला नाही, म्हणून प्रेक्षक भयंकर चिडले होते. तुमच्या घरी ती लावू नका! डॅनिश मालिकेत संवादांपेक्षा चेहरेच अधिक बोलतात, त्यामुळे वाचून दाखवण्याचे कष्ट ‘बोर्गेन’पेक्षा कमी पडतील.

‘द वायर’ (२००२ ते २००८, साठ भाग) थोर आहे यात वाद नाही, पण एकत्र बसून पाहण्यासाठी मी ती सुचवणार नाही. बाल्टिमोर शहरातील अमली पदार्थांच्या व्यापारापासून सुरुवात करून ती प्रत्येक पर्वात गोदी, राजकारण, शाळा, वृत्तपत्र अशा नव्या क्षेत्रात शिरते. पात्रे भरमसाट, बोली अवघड, आणि सुरुवातीच्या भागांत कोणीही काहीही समजावून सांगत नाही. ती एकटीने, निवांत वेळ असताना, उपशीर्षके लावून पाहावी.

प्रतिसाद:

वरील सूचनांशी सहमत आहे. छोट्या मालिकेसाठी ‘चेर्नोबिल’ (२०१९, पाच भाग) पाहावी. एप्रिल १९८६ मधील अणुभट्टीच्या दुर्घटनेवर ती आधारलेली आहे. कलाकारांनी रशियन हेल काढून इंग्रजी बोलू नये, असा निर्णय लेखक क्रेग मेझिन यांनी घेतला, त्यामुळे संवाद स्वच्छ ऐकू येतात. तिसऱ्या भागातील रुग्णालयाची दृश्ये आणि चौथ्या भागात बेवारस प्राण्यांना गोळ्या घालण्याचा प्रसंग मात्र जड जातो.

‘मर्यादित मालिका’ या शिक्क्यावर फार विसंबू नका. ‘शोगुन’ (२०२४) तशीच जाहीर झाली होती. यश मिळताच पुढील पर्वांची घोषणा झाली. सुदैवाने तिचे पहिले पर्व स्वतंत्रपणेही पूर्ण वाटते.

उपशीर्षकांविषयी: बहुतेक सेवांच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार वाढवण्याची आणि मागे काळी पट्टी घालण्याची सोय असते. काही सेवांवर चित्राचा वेगही थोडा कमी करता येतो. संवाद किंचित लांबतात, पण वाचायला अवधी मिळतो.

धागाकर्ती:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ‘हॅपी व्हॅली’ने सुरुवात करू. काळ्या पट्टीची युक्ती ठाऊक नव्हती, ती आजच करून पाहते. एक शंका उरते: यॉर्कशायरची बोली ऐकून समजण्यासारखी आहे का, की तिथेही मला वाचून दाखवावे लागेल?

प्रतिसाद:

पहिले दोन भाग कान जरा टवकारून ऐकावे लागतील. इंग्रजी उपशीर्षके चालू ठेवा आणि गाळले जाणारे शब्द तेवढे तुम्ही सांगा. तिसऱ्या भागापासून त्याचीही फारशी गरज पडू नये.