झोप उडालेले दिवस : तुमचे अनुभव लिहा

प्रेसशॉप_भोसरी
काल कपाट आवरताना २००८-०९ची एक वही सापडली. पानोपानी वर वेळ लिहिलेली : ३.१०, २.४०, ३.३५. सगळ्या रात्रीच्या. खाली तेच ते हिशेब : कोणाकडून किती येणं, सीसीमध्ये (बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यात) किती उरलंय, सात तारखेचे पगार कसे करायचे. त्या दिवाळीनंतर गाड्यांचे पार्ट लागेनासे झाले होते. शॉपवर १९ माणसं. पाठ टेकली की अकराला झोप यायची आणि अडीच-तीनला टक्क जाग. बायको झोपलेली असायची, मी स्वयंपाकघरात वही घेऊन.

फेब्रुवारीत एक घाईचं काम आलं. सेकंड शिफ्ट करून निघालेल्या प्रेसमनला, म्हणजे पार्ट दाबून काढायच्या मशीनवरच्या माणसाला, मी म्हणालो, थर्ड पण मार, डबल देतो. त्याला पैसे हवे होते, मला डिस्पॅच. पहाटे साडेचारला त्याला डुलकी लागली, पाय पायडलवर पडला आणि प्रेस खाली आली. उजव्या तर्जनीचं वरचं पेर गेलं.

तो माणूस आजही आमच्याकडे स्टोअरला आहे. त्याने मला कधी बोल लावला नाही. पण तो निर्णय मी घेतला तेव्हा मला धड झोपून चार महिने झाले होते, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मालकाची झोप उडाली की त्याची किंमत खालचा माणूस मोजतो. तुमच्याकडे असं काही घडलंय का? मालक असा, साहेब असा की कामगार, लिहा.

पारिजात७
काका, वाचून पोटात कालवलं. लिहिलंत हे फार बरं केलंत. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

दुसरीपाळी
आमच्या प्लांटला सेफ्टी ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा वागतो. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादाच ०.०३ आहे. सेकंडचा माणूस सकाळी नऊला उठला असेल तर साडेचारपर्यंत साडेएकोणीस तास झाले हो. दारू प्यायलेल्याला आपण प्रेसवर उभं करू का?

प्रेसशॉप_भोसरी
तेच. त्यानंतर डबल ड्यूटी कायमची बंद केली आणि प्रेसला दोन्ही हातांनी बटणं दाबायची सिस्टीम बसवली. पायडल काढून टाकले.

हिंजवडी_फेज२
आमचं वेगळंच. नोव्हेंबरात अमेरिकेची घड्याळं मागे जातात आणि आमची साडेनऊची मीटिंग साडेदहाला जाते. तिकडे दुपारचे बारा, ते लोक ताजेतवाने. कॉल संपतो साडेअकराला, पण डोकं दीडपर्यंत चालूच. लेक चार वर्षांची आहे, ती सहाला उठवते. मागच्या हिवाळ्यात एकदा तिला शाळेच्या बसमध्ये बसवलं आणि घरी येऊन पाहते तर डबा ओट्यावर. खाली बसून रडले. डब्यासाठी नाही, गेले तीन महिने मी तिच्याशी नीट बोललेच नव्हते म्हणून.

स्टुटगार्टकर
ताई, मिठी. इथे कायदाच आहे, एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशीचं सुरू होईपर्यंत सलग ११ तास विश्रांती. रात्री दहाला कॉल घेतला तर सकाळी नऊच्या आत बोलावता येत नाही. पुण्यात असताना मी सहा वर्षं तुमच्यासारखंच काढलं.

पारिजात७
आपल्याकडेही सुप्रिया सुळेंनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं ना, ऑफिस सुटल्यावर फोन न उचलण्याच्या हक्काचं. कायदा नाही झाला पण निदान विषय तरी निघाला.

नाईटवाली_सिस्टर
मी नाशिकला आयसीयूत, महिन्यात आठ-दहा नाईट. घरी येताना गॉगल लावते, ऊन डोळ्यांत गेलं की झोप पळते. खिडकीला काळं कापड. दारावर पाटी : "ताई झोपल्यात, बेल वाजवू नका". कुरिअरवाला पण आता शेजारी देतो. पहाटे चारनंतर चहा बंद, चहा-कॉफीचा निम्मा अंमल पाच-सहा तासांनीही अंगात असतो. एवढं सगळं करून पाच तास मिळतात. ज्यांची रात्र मोकळी आहे त्यांनी ती मोबाइलवर घालवू नका हो, पाया पडते.

कोकणकन्या_
आमच्या आजी तळपायाला तूप लावून काशाची वाटी फिरवायच्या. बाबा कोर्टातून वैतागून आले की हमखास. दहा मिनिटांत घोरायला लागायचे.

हिंजवडी_फेज२
काशाची वाटी!! कुठे मिळते?

कोकणकन्या_
पुण्यात तांबट आळीत विचारा. आणि चिमूटभर जायफळ घालून दूध. चिमूटभरच हं, जायफळ जास्त झालं तर त्रास होतो.

शाखाधिकारी_निवृत्त
घोरण्यावरून लिहितो. बँकेत मार्चएण्ड, वसुलीचं टार्गेट, मी धरून चाललो होतो की थकवा त्याचाच. आठ तास झोपून सकाळी डोकं जड. मीटिंगमध्ये डोळे मिटायचे. मुलीने हट्टाने झोपेची तपासणी करायला लावली, तर तासाला ३४ वेळा श्वास अडकत होता. रात्री मास्कचं मशीन लावायला लागलो आणि महिन्याभरात माणसात आलो. टेन्शन होतंच, पण सगळं टेन्शनवर ढकलू नका. बायकोला विचारा घोरता का, मध्येच श्वास थांबतो का.

दुसरीपाळी
@शाखाधिकारी, मशीनचा आवाज येतो का? वडिलांना सांगितलंय पण ते ऐकत नाहीत.

शाखाधिकारी_निवृत्त
पंख्यापेक्षा कमी. पहिले आठ दिवस नको होतं, मग त्याच्याशिवाय झोप नको वाटते. वडिलांशी मी बोलू का? व्यनि (खासगी निरोप) करा.

सायली_एचआर
माझा अनुभव थोडा लांब आहे. दोन वर्षं लोकांना कमी करायच्या याद्या माझ्या हातून जात होत्या. रात्री ती नावं डोळ्यांपुढे. गोळी सुरू करणार होते, पण डॉक्टरांनी आधी समुपदेशकाकडे पाठवलं, निद्रानाशासाठीच्या थेरपीला. त्यांनी सांगितलं ते ऐकून घाबरले : साडेबाराच्या आत अंथरुणावर जायचंच नाही, आणि काही झालं तरी सहाला उठायचं. वीसेक मिनिटं झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं. दुपारची वामकुक्षी बंद. पहिला आठवडा भयंकर गेला. तिसऱ्या आठवड्यात पडल्या पडल्या झोप लागली, मग पंधरा-पंधरा मिनिटांनी वेळ अलीकडे आणली. अंथरूण म्हणजे काळजी करायची जागा झाली होती, ती परत झोपायची जागा झाली. हे कुणाच्या तरी देखरेखीखाली करा, गाडी चालवणाऱ्यांनी तर नक्कीच.

आणि आता मी रात्री मेल लिहिली तरी सकाळी नऊला जाईल अशी लावून ठेवते. साहेबाची अकराची मेल आली की टीममधली पोरं अकराला उठून बसतात.

प्रेसशॉप_भोसरी
सायली, वहीचं मी असंच काहीतरी केलं होतं, कळत नव्हतं तेव्हा. हिशेब संध्याकाळी सातला शॉपवरच लिहून वही ड्रॉवरमध्ये बंद करायला लागलो. घरी आणली नाही.

ज्याचं बोट गेलं त्याला आज सकाळी ती वही दाखवली. त्याने ते फेब्रुवारीचं पान बराच वेळ पाहिलं. म्हणाला, "शेठ, तुम्ही पण जागेच होता की." मग चहा घेतला दोघांनी.

हिंजवडी_फेज२
काका 🙏

रविवारी तांबट आळीत जातेय, अजून कुणाला वाटी हवीय?