मदत हवी आहे : डेंग्यूविरोधी डासांचा खर्च कसा मोजावा?

नमस्कार. डासांच्या साहाय्याने डेंग्यू रोखण्याच्या खर्च-लाभावर मी टिपण लिहीत आहे आणि हिशेबापाशी अडलो आहे.

इंडोनेशियातील योग्यकार्ता शहरात वोल्बाकिया जिवाणू (डासाच्या शरीरात डेंग्यूचा विषाणू वाढू न देणारा) असलेले, डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस जातीचे डास सोडल्यावर त्या भागांत डेंग्यूचे रुग्ण 77 टक्क्यांनी आणि रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण 86 टक्क्यांनी कमी आढळले, असे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नोंदले आहे. हा जिवाणू मादीकडून अंड्यांत उतरत असल्याने असे डास एकदा रुजले की वारंवार सोडावे लागत नाहीत. (यात जनुकीय बदल नसतो, तरी दोन्हींची सर्रास गल्लत होते.) याउलट, ज्यांची मादी पिल्ले जगत नाहीत असे जनुकीय बदल केलेले नर, जसे ब्राझीलमध्ये वापरले जातात, ते पुन्हापुन्हा सोडावे लागतात, म्हणजे खर्च दरवर्षीचा. जालन्याजवळ 2017 मध्ये जनुकीय बदल केलेल्या डासांच्या पिंजऱ्यातील चाचण्या सुरू झाल्या होत्या.

माझा प्रश्न असा : वाचलेला उपचारखर्च आणि बुडालेली मजुरी लाभात धरताना, लोकांची संमती मिळवण्याचा आणि नंतरच्या देखरेखीचा खर्च किती वर्षांवर विभागावा? सार्वजनिक आरोग्याच्या अर्थशास्त्रातील जाणकारांनी कृपया पद्धत सुचवावी.